जपानी भाषेतील ‘होन’ : पेन्सिल, लोकल, होमरन आणि फोन एकाच शब्दाने का मोजतात?

निशिगंधा

गेली नऊ वर्षे मी पुण्यात संध्याकाळच्या वर्गांत जपानी शिकवते आहे, आणि दर तुकडीत एका ठरावीक आठवड्यात वर्गाचा उत्साह मावळताना पाहते. तो आठवडा ‘जोसूशी’चा, म्हणजे मोजणीच्या शब्दांचा असतो, वर्गात आम्ही त्यांना सरळ ‘काउंटर’ म्हणतो. मराठीत ‘तीन पेन्सिली द्या’ एवढे म्हटले की काम भागते. जपानीत ‘सान’ हा तिनाचा आकडा पेन्सिलीला थेट चिकटत नाही. मध्ये त्या वस्तूच्या जातीचा मोजशब्द यावाच लागतो, म्हणून वाक्य ‘एन्पित्सु ओ साम्बोन कुदासाई’ असे होते. कागद, ताटल्या, सदरे अशा पसरट वस्तूंना ‘माई’, यंत्रांना व गाड्यांना ‘दाई’, पुस्तकांना ‘सात्सु’, लहान प्राण्यांना ‘हिकि’, आणि लांबट वस्तूंना ‘होन’, ज्याचा उच्चार आधीच्या आकड्यानुसार ‘पोन’ किंवा ‘बोन’ही होतो.

हा धागा ‘होन’पुरताच आहे. पाठ्यपुस्तकात त्याच्यापुढे ‘लांब आणि बारीक वस्तूंसाठी’ एवढेच लिहिलेले असते, आणि सुरुवातीला ते पटतेही. पेन्सिल, छत्री, मेणबत्ती, काकडी, केळे, बाटली, किल्ली, बोट, केस, झाड, रस्ता, नदी ही सगळी ‘होन’ने मोजली जातात आणि कोणाची काही तक्रार नसते. पण महिन्याभराने संवादांचे पाठ सुरू होतात. त्यात कोणी ‘देन्वा ओ इप्पोन इरेरु’ म्हणतो, म्हणजे एक फोन करतो. कोणी शनिवारी ‘एइगा ओ निहोन’, म्हणजे दोन चित्रपट पाहतो. कोणाला रुग्णालयात ‘च्यूशा ओ इप्पोन’, म्हणजे एक इंजेक्शन दिले जाते. मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, “बाई, फोनवरचे बोलणे लांब असते हे ठीक आहे, पण बारीक कुठून असते?” मी तिला ‘हा प्रघात आहे’ असे उत्तर दिले आणि घरी येईपर्यंत ते उत्तर मला बोचत राहिले. प्रघात आहे हे खरेच, पण कोट्यवधी माणसे एखादा प्रघात इतक्या सहजपणे पाळतात तेव्हा त्यांच्या मनात काहीतरी धागा असणारच.

आपल्यापैकी जे जपानमध्ये राहतात, जपानीत काम करतात किंवा भाषेचा अभ्यास करतात, त्यांनी आपापल्या क्षेत्रात हा शब्द कुठे कुठे भेटतो ते कृपया सविस्तर लिहावे. मला नुसती यादी नको आहे. तो तिथे का येतो याविषयी आपल्याला काय वाटते तेही हवे आहे.

यामानोते

निशिगंधाताई, मी तोक्योत राहून रोज लोकल गाडीने कामावर जातो, त्यामुळे माझ्या कानांवर हा शब्द सर्वांत जास्त फलाटावर पडतो. एखादी गाडी चुकली की ‘इप्पोन आतो नो देन्शा’, म्हणजे तिच्यामागची एक गाडी, धरायची असते. इथे एक बारकावा आहे. आगारात उभा असलेला डबा मोजायचा तर ‘र्यो’ हा शब्द येतो. दहा डब्यांची गाडी ‘ज्यू-र्यो’ची असते. जोडलेल्या संपूर्ण गाडीसाठी ‘हेन्सेइ’ असा वेगळा शब्द आहे. ‘होन’ त्या लोखंडी वस्तूला लागत नाही. अमुक वाजता सुटून, ठरलेल्या मार्गाने धावून, शेवटच्या स्थानकाला पोहोचणारी जी खेप असते, तिला तो लागतो. मराठीत आपण ‘मध्य रेल्वेने दहा फेऱ्या वाढवल्या’ म्हणतो तेव्हा जो अर्थ ‘फेरी’त असतो, जवळजवळ तोच इथे ‘होन’मध्ये आहे. विमानाचेही असेच आहे. विमान वस्तू म्हणून ‘कि’ने मोजतात आणि त्याचे उड्डाण ‘बिन’ने. ‘होन’ रूळ आणि रस्ता सोडून आकाशात मात्र गेलेला नाही.

याच्याच जवळचा आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. घर भाड्याने घेताना दलाल आवर्जून सांगतो की इथून तोक्योतल्या शिंजुकु भागाला ‘इप्पोन दे इकेमास’. शब्दशः पाहिले तर ‘एका होनने जाता येते’, आणि अर्थ असा की मध्ये कुठेही गाडी बदलावी लागत नाही. अंतर कितीही असो, वाट मध्ये तुटत नसेल तर ती एक ‘होन’ आहे. आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला या वाक्यात दिसते. लांबी-जाडीपेक्षा आरंभापासून शेवटापर्यंत न तुटता जाणे हे तिथे महत्त्वाचे झालेले आहे.

मैदानावरचा

खेळांविषयी लिहिल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ नये असे वाटते. जपानमध्ये बेसबॉलचे स्थान आपल्याकडच्या क्रिकेटसारखे आहे, आणि त्यातले होमरन ‘होन’ने मोजतात. ओ सादाहारु या महान फलंदाजाच्या कारकिर्दीतील होमरन ८६८ आहेत, आणि तो आकडा ‘हाप्प्याकु-रोकुज्यू-हाप्पोन’ असाच उच्चारला जातो. इचिरो सुझुकी याने २००४ च्या एका हंगामात अमेरिकेत २६२ वेळा यशस्वी फटके मारून विक्रम केला, तेही ‘होन’च. याउलट फलंदाज तीनदा चेंडू हुकल्यामुळे बाद झाला, किंवा चार चुकीच्या चेंडूंमुळे त्याला पहिल्या तळावर फुकट जायला मिळाले, तर त्या घटना ‘को’ या साध्या, सर्वसाधारण मोजशब्दाने मोजल्या जातात. चेंडू बॅटवरून निघून मैदानात गेला तर ‘होन’ आणि तो गेलाच नाही तर ‘को’, असा हा भेद अगदी स्वच्छ आहे.

फुटबॉलमध्येही तसेच आहे. गोलच्या दिशेने मारलेले फटके ‘साम्बोन’ असतील, पण फलकावर लागणारा गुण ‘तेन’ने मोजला जातो. बास्केटबॉलमधील फ्री थ्रो ‘निहोन’ मिळतात. सरावाचेही पाहा. प्रशिक्षक शंभर मीटरच्या दौडी ‘ज्युप्पोन’ काढायला लावतो, पण जोर काढायचे असतील तर ते ‘काई’ने, म्हणजे ‘वेळा’ या अर्थाच्या शब्दाने मोजतो. दोन्ही व्यायामच आहेत, तरी दौडीला एक टोक आणि दुसरे टोक असते, तर जोर जागच्या जागी काढले जातात.

ज्यूदो पाहणाऱ्यांना ‘इप्पोन’ हा शब्द ठाऊक असेलच. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान या ज्यूदोच्या शाळेची स्थापना केली आणि या विद्येला आधुनिक रूप दिले. त्यात प्रतिस्पर्ध्याला वेगाने, जोराने आणि ताबा राखून पाठीवर पाडले की पंच हात सरळ वर उचलतो, ‘इप्पोन’ म्हणतो आणि लढत तिथेच संपते. डाव थोडा उणा पडला तर ‘वाझाआरी’ मिळते, आणि दोन वाझाआरी झाल्या की ‘आवासेते इप्पोन’, म्हणजे मिळून एक. केन्दो या जपानी तलवारबाजीच्या खेळात तीन ‘होन’ची लढत असते आणि दोन मिळवणारा जिंकतो. हा शब्द तिथून संभाषणातही आला आहे. कोणी बिनतोड उत्तर दिले की समोरचा ‘इप्पोन तोरारेता’, म्हणजे ‘माझ्यावर एक डाव घेतला’, अशी मोकळेपणाने कबुली देतो.

व्याकरणप्रेमी

वरील प्रतिसाद ज्या दिशेने चालले आहेत, तिचा विचार भाषाशास्त्रात झालेला आहे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लॅकॉफ यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, माणूस जगाचे वर्ग कसे पाडतो हे दाखवण्यासाठी ऑस्ट्रेलियातील द्यिर्बल भाषेबरोबर जपानी ‘होन’चे उदाहरण घेतले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की या वर्गाच्या मध्यभागी काठी, दोरी, पेन्सिल अशा खरोखरच लांबट वस्तू आहेत आणि बाकीचे सदस्य तिथून एकेका दुव्याने बाहेर पसरत गेलेले आहेत. बेसबॉलची बॅट लांबट असते. तिने मारलेला चेंडू हवेत जी वाट काढतो ती मनाच्या डोळ्यांना लांबट रेघ दिसते, आणि म्हणून फटकाही त्या वर्गात येतो. फोनमध्ये तार आहे, आणि तारेवरून एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेलेले बोलणेही आहे. इंजेक्शनमध्ये सुई आणि नळी आहे. मराठीतही आपण ‘डॉक्टरांनी दोन सुया टोचल्या’ असे म्हणून उपकरणाच्या नावाने उपचार मोजतोच.

या विवेचनातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे आहे. असा विस्तार सकारण असतो, परंतु त्याचे भाकीत करता येत नाही. एखादी गोष्ट ‘होन’मध्ये का आली हे मागे वळून सांगता येते, पण म्हणून पुढची कुठली गोष्ट त्यात येईल हे नियमाने काढता येत नाही. फोन ‘होन’ आहे म्हणून पत्रही ‘होन’ असेल असे समजणारा विद्यार्थी फसतो, कारण आजच्या जपानीत पत्र आणि ई-मेल ‘त्सू’ने मोजतात. तेव्हा निशिगंधाताई, ‘हा प्रघात आहे’ हे आपले उत्तर अर्धे बरोबर होते. उरलेले अर्धे असे की प्रघाताला कारण असते, फक्त ते कारण हुकूम सोडत नाही.

अनुवादक_माई

मी जपानीतून मराठीत अनुवाद करते आणि चेंडूच्या वाटेचे हे स्पष्टीकरण सगळीकडे लावण्याला माझा थोडा विरोध आहे. चित्रपटाचेच घ्या. चित्रपट म्हणजे कुठून कुठे जाणारी वाट नव्हे. तो एके काळी फितीचे रीळ होता, आणि फीत ही खरोखरीची लांब व अरुंद वस्तू होती. त्याचप्रमाणे ध्वनिफितींचे डबे ‘होन’ने मोजले जात. पुढे फीत नाहीशी झाली तरी शब्द राहिला, आणि आज जालावर चढवलेली चित्रफीतही ‘दोगा इप्पोन’च असते. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याच्या पद्धतीला ‘निहोन-दाते’ म्हणतात. व्हिडिओ गेमचेही तसेच. तबकडी पसरट असते, म्हणून गाण्यांची तबकडी ‘माई’ने मोजली जाते, पण गेम तबकडीवर असला तरी त्याच्या खपाचा आकडा ‘ह्याकुमान-बोन’, म्हणजे दहा लाख ‘होन’, असाच छापून येतो. तिथे ना वाट आहे ना लांबी. तिथे गेम ही एक पुरी झालेली कृती आहे. वर्तमानपत्रातला लेख, मालिकेची पटकथा, संशोधकाचा निबंध हे सगळे मी रोज ‘होन’ने मोजलेले वाचते, आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात ‘हातावेगळे केलेले एक काम’ असाच अर्थ उमटतो.

या पुरेपणाच्या अर्थाची दोन जुनी उदाहरणे देते. समारंभ संपताना जपानी मंडळी एकत्र टाळ्या वाजवतात. तीन, तीन, तीन आणि एक अशा दहा टाळ्यांच्या संचाला ‘इप्पोन-जिमे’ म्हणतात, आणि तोच संच तीनदा वाजवला की ‘साम्बोन-जिमे’ होतो. म्हणजे इथे दहा टाळ्या मिळून एक ‘होन’ आहे. अनेक जण एकाच टाळीला ‘इप्पोन-जिमे’ समजतात, पण तिचे नाव ‘इत्च्यो-जिमे’ असे निराळे आहे. दुसरे उदाहरण गेइशांचे, म्हणजे मेजवान्यांत गायन-नृत्याने रंजन करणाऱ्या कलावंत स्त्रियांचे. त्यांच्या बैठकीचा वेळ पूर्वी उदबत्ती लावून मोजत, आणि उमेदवारी संपवून पूर्ण उदबत्तीच्या मानधनाला पात्र झालेल्या गेइशेला तोक्योत ‘इप्पोन’ म्हणू लागले. शिकाऊ मुलीला ‘हान्ग्योकु’ म्हणत, आणि त्यातल्या ‘हान’चा अर्थच अर्धा असा आहे. उदबत्ती लांबट आहे हे मान्य, पण त्या गेइशेला ‘इप्पोन’ म्हणताना मनात उभी राहते ती तिची पूर्णता.

व्याकरणप्रेमी

माई, आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मूळ मांडणीला मारक नसून पूरक आहे असे मी म्हणेन. गाडीची खेप, फटका आणि फोन यांत वाट आहे; चित्रपट, लेख आणि ज्यूदोचा डाव यांत पुरेपणा आहे. पण वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचली की तीही पुरी होतेच. मला वाटते की या दोन अर्थांना जोडणारा पूल यामानोते यांच्या ‘इप्पोन दे इकेमास’ या वाक्यात आहे.

लिपीवेडा

अर्थाची चर्चा उत्तम चालली आहे, परंतु विद्यार्थ्यांची खरी झोप उडते ती उच्चारामुळे. इप्पोन, निहोन, साम्बोन, योन्होन, गोहोन, रोप्पोन, नानाहोन, हाप्पोन, क्यूहोन, ज्युप्पोन असे एकच अक्षर कधी ‘हो’, कधी ‘पो’, तर कधी ‘बो’ होते. हे पाठ करण्याआधी मराठी माणसाने एक गोष्ट पाहावी असे मी नेहमी सुचवतो.

जपानी वर्णमालेचा क्रम आ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा असा आहे. हा क्रम आपल्या ओळखीचा वाटतो, कारण तो बौद्ध भिक्षूंनी सिद्धं लिपीबरोबर नेलेल्या संस्कृत वर्णक्रमाच्या अभ्यासातून घडला. आपल्याकडे क-वर्ग, च-वर्ग, त-वर्ग, मग प-वर्ग, त्याचे अनुनासिक म, आणि नंतर य, र, व. आता जपानी क्रमात ‘ना’ आणि ‘मा’ यांच्या मध्ये काय आहे ते पाहा. तिथे ‘हा’ आहे. आपल्या क्रमात ‘ह’ अगदी शेवटी येतो. ‘न’ आणि ‘म’ यांच्यामधली जागा ‘प’ची आहे. ज्या काळातल्या उच्चारांवर हा क्रम बेतला गेला, त्या काळात आजच्या ‘ह’च्या जागी ओठांनी उच्चारला जाणारा वर्ण होता, आणि त्याही आधी तो स्वच्छ ‘प’ होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट धर्मप्रसारक रोमन लिपीत जपानी ग्रंथ छापू लागले, तेव्हाही ते या देशाचे नाव ‘निफोन’ असे लिहीत होते. त्यांचे मुद्रणयंत्र गोव्यामार्गे १५९० मध्ये जपानला पोहोचले होते, आणि १६०३ मध्ये नागासाकीत छापलेल्या त्यांच्या जपानी-पोर्तुगीज कोशातही हाच ‘फ’ दिसतो.

तेव्हा ‘होन’चा ‘पोन’ होतो हे म्हणणे उलटे आहे. मूळचा ‘पोन’च एकटा सापडला की सैल होऊन ‘होन’ झाला आणि जिथे त्याला मागच्या व्यंजनाचा आधार मिळाला तिथे टिकून राहिला. चिनीतून आलेल्या आकड्यांपैकी एक, सहा, आठ आणि दहा यांच्या अंती जुन्या चिनीत त्, क्, त् आणि प् अशी व्यंजने होती. इत् आणि पोन मिळून ‘इप्पोन’ झाले ते अगदी संस्कृतातले ‘उत्पल’ प्राकृतात ‘उप्पल’ व्हावे तसे. तीन या आकड्याच्या अंती अनुनासिक होते, म्हणून ‘साम्बोन’मध्ये प मृदू होऊन ब झाला, संस्कृत ‘पञ्च’चे पंजाबीत ‘पंज’ होते ती वाट हीच. पाच आणि नऊ यांच्या अंती स्वर आहे, म्हणून तिथे साधे ‘होन’. मग चाराचे ‘योन्होन’ का, ‘योम्बोन’ का नाही? कारण ‘योन’ हा चिनी आकडा नाहीच, तो मूळच्या जपानी ‘यो’वरून आलेला आहे, आणि त्याच्या न्-ला ही जुनी सवय नाही. सातासाठीही चिनी ‘शिचि’ऐवजी जपानी ‘नाना’ वापरतात, म्हणून ‘नानाहोन’.

दहाचे शुद्ध परंपरेतले रूप ‘जिप्पोन’ आहे, आणि रोजच्या बोलण्यात सर्रास ‘ज्युप्पोन’ म्हणतात. २०१० मध्ये जपान सरकारने नित्यवापराच्या कांजी, म्हणजे चिनी मूळाच्या, अक्षरांचा सुधारित तक्ता काढला, तेव्हा ‘ज्यु’ उच्चारालाही त्यात टीप देऊन मान्यता मिळाली. विद्यार्थ्यांनी दोन्ही ओळखावे आणि खुशाल ‘ज्युप्पोन’ बोलावे.

अनुवादक_माई

लिपीवेडा, ‘ना’ आणि ‘मा’ यांच्यामधली ती जागा मी तीस वर्षे पाहत आले आणि ती ‘प’ची आहे हे आज कळले. मनापासून आभार.

एक पुरवणी जोडते. ‘होन’चे कांजी अक्षर म्हणजे ‘झाड’ या अक्षराच्या बुंध्याशी मारलेली एक आडवी रेघ. त्याचा पहिला अर्थ मूळ किंवा बुंधा असा आहे, आणि जुन्या जपानीत रोपे व झाडे मोजताना त्याच अक्षराला ‘मोतो’ असे जपानी वाचन लावून ‘हितोमोतो’, म्हणजे एक बुंधा, असेही म्हणत. गंमतीची गोष्ट अशी की हेच अक्षर ‘पुस्तक’ या अर्थानेही येते आणि आजच्या चिनीत ते ‘बेन’ या उच्चाराने पुस्तके मोजण्यासाठीच वापरतात. जपानीत मात्र पुस्तकाला ‘होन’ म्हणतात पण ‘होन’ने मोजत नाहीत. ‘होन ओ सान्-सात्सु’ म्हटले की तीन पुस्तके. चिनी येत असलेल्या विद्यार्थ्यांची इथे हमखास चूक होते.

दंतवैद्य_नाशिक

माझ्या व्यवसायातले एक उदाहरण देतो. दात ही काही फार लांबट वस्तू दिसत नाही, तरी जपानीत दात ‘होन’ने मोजतात. तिथे १९८९ पासून ‘हाचि-मारु नि-मारु’, म्हणजे ‘ऐंशी-वीस’, या नावाची मोहीम चालू आहे; वयाच्या ऐंशीव्या वर्षीही स्वतःचे किमान वीस दात, ‘निज्युप्पोन’, शिल्लक असावेत हे तिचे उद्दिष्ट आहे. हिरडीच्या वर दिसतो तो दाताचा जेमतेम अर्धा भाग. काढलेला दात मुळासकट हातात घेतला की ‘होन’ का, हे विचारावे लागत नाही.

चाकणकर

मी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात जपानी सहकाऱ्यांबरोबर काम करतो आणि सुटे भाग मोजण्यावरून आमच्याकडे रोज हा विषय निघतो. बोल्ट ‘होन’, दांडा ‘होन’, पट्टा ‘होन’ आणि नट मात्र ‘को’. हे सगळे समजण्यासारखे आहे. परंतु टायरदेखील ‘होन’ने मोजतात, एका मोटारीला ‘योन्होन’ टायर लागतात, याचे कारण मला आजवर समजलेले नाही. टायर गोल आहे, मध्ये पोकळ आहे, आणि त्याला आरंभ-शेवट असे टोकच नाही. मी दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारले. एकाने सांगितले की टायर एकावर एक रचले की नळकांडे होते. दुसरा बराच विचार करून म्हणाला की तो लहानपणापासून तसेच म्हणत आला आहे आणि ‘टायर इक्को’ त्याच्या कानांना दुकानातल्या खेळण्याच्या टायरसारखे लागते. यावर कोणाचे काही मत आहे का?

दुकानदारीतली अशी आणखी दोन उदाहरणे आहेत. चष्मे आणि मनगटी घड्याळे विकणारे लोक त्यांनाही ‘होन’ने मोजतात. घड्याळात पट्टा आहे आणि चष्म्यात काड्या आहेत, एवढे मी स्वतःच्या समाधानासाठी ठरवले आहे.

बाजारहाट

मी ओसाकात घर चालवते, त्यामुळे माझी शिकवणी भाजीच्या दुकानात झाली. गाजर, मुळा, काकडी, वांगे ‘होन’ने, कांदा, बटाटा ‘को’ने, पालकाची जुडी ‘ताबा’ने, द्राक्षांचा घोस ‘फुसा’ने. केळ्याच्या बाबतीत तर मराठी आणि जपानी अगदी शेजारी बसतात, कारण सुटे केळे ‘इप्पोन’ असते आणि आपण जिला फणी म्हणतो ती ‘हितोफुसा’. मात्र एक फरक मला पुष्कळ दिवसांनी लक्षात आला. आपल्या जुडी, फणी, मोळी, गड्डा या शब्दांनी समूह मोजला जातो; सुट्या गाजराला मराठी काहीच लावत नाही. जपानीत सुट्या वस्तूलाही शब्द लागतोच. मराठीत याच्या अगदी जवळ येणारा शब्द मला एकच सुचतो, तो म्हणजे ‘पाच जण’मधला ‘जण’.

मासळीबाजारात तर एकाच जिवाचे मोजशब्द बदलत जातात. समुद्रात पोहणारा ट्यूना ‘इप्पिकि’ असतो. तोच पकडून तोक्योतल्या तोयोसु मासळीबाजाराच्या लिलावात अखंड मांडला की ‘इप्पोन’ होतो. पुढे कापून त्याचे आयताकृती ठोकळे केले की ‘साकु’, काप केले की ‘किरे’, आणि भातावर ठेवून सुशी झाली की ‘कान’. जिवंत असताना प्राणी, मेल्यावर लांबट वस्तू, आणि ताटात घास. पहिल्यांदा हे समजले तेव्हा मी घरी येऊन कितीतरी वेळ त्यावर विचार करत बसले होते. जपानी माणूस आकड्यापाठोपाठ नुसती वस्तू सांगत नाही; ती वस्तू या घटकेला आपल्यासाठी काय आहे हेही सांगतो.

चाकणकर, आपल्या टायरविषयी एक सुचवते. चष्मा, घड्याळ, टायर ही सगळी उदाहरणे विकणाऱ्यांच्या तोंडची आहेत. घाऊक व्यवहारात जो शब्द एकदा रुळतो तो हिशेबाच्या सोयीसाठी टिकतो, आणि मग गिऱ्हाईकही तोच उचलते. आकारात कारण शोधण्याआधी तो शब्द कोणाच्या वहीत पहिल्यांदा लिहिला गेला असेल याचा विचार करावा असे मला वाटते.

निशिगंधा

सर्वांचे मनापासून आभार. काल मी वर्गात पाठ्यपुस्तकातला तक्ता बाजूला ठेवला. आधी फळ्यावर एक काठी काढली, मग तिच्या जागी रस्ता, मग रस्त्यावरून सुटलेली गाडी, मग बॅटवरून निघालेला चेंडू, आणि शेवटी फोनची तार. बाणांचे एक झाड तयार झाले आणि मुले स्वतःहून फांद्या सुचवू लागली. एकाने सलाईनची बाटली सांगितली, ती बरोबर होती. दुसऱ्याने ई-मेल सांगितला, तो चुकला, आणि तेव्हा व्याकरणप्रेमी यांचे ‘सकारण, पण भाकीत नाही’ हे सूत्र त्याला समजावणे सोपे गेले. टायर मी फळ्याच्या कोपऱ्यात एकटाच काढून ठेवला आहे. त्याला मी ओढून ताणून बाण जोडलेला नाही.

ज्या विद्यार्थिनीने फोनबद्दल विचारले होते, तिने वर्ग सुटताना नवीन शंका काढली. दोन पेन्सिली म्हणजे ‘निहोन’ आणि जपान देशही ‘निहोन’, तर ऐकणाऱ्याला फरक कसा कळतो? मी तिला दोन्ही म्हणून दाखवले. पेन्सिलींच्या ‘निहोन’मध्ये ‘नि’ उंच असतो आणि पुढे आवाज खाली येतो; देशाच्या ‘निहोन’मध्ये ‘नि’ खाली असतो, ‘हो’वर आवाज चढतो आणि ‘न’वर उतरतो. जिन्यापर्यंत ती दोन्ही शब्द आळीपाळीने म्हणत गेली, आणि दुसऱ्या मजल्यावरून तिने हाक मारून विचारले, “बाई, आता कुठला म्हटला मी?” तिने पेन्सिली म्हटल्या होत्या, आणि उच्चार बिनचूक होता.